क्रायॉनिक्समधील मृत्युविषयक परिभाषा

आजच्या वैद्यकाच्या व कायद्याच्या दृष्टीने मृत ठरलेल्या माणसाचा देह, किंवा केवळ त्याचे मस्तक, अतिशीत तापमानात राखून ठेवावयाचे आणि वैद्यक पुरेसे प्रगत झाल्यावर त्यास पुन्हा जिवंत करावयाचे, या कल्पनेवर आधारलेल्या व्यवहारास क्रायॉनिक्स म्हणतात. देह सामान्यतः द्रव नायट्रोजनात, उणे १९६° से. तापमानास ठेवतात. ‘क्रायॉनिक्स’ हे नाव अतिशय थंडी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनविलेले आहे. हा व्यवहार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढला. तेथील ॲरिझोना व मिशिगन या राज्यांतील दोन प्रमुख संस्थांत मिळून चारशेहून अधिक देह वा मस्तके जतन केलेली आहेत. या तापमानास नेलेला एकही मनुष्य, किंवा पूर्ण वाढ झालेला एकही सस्तन प्राणी, अद्याप पुन्हा जिवंत करता आलेला नाही.

या व्यवहारात ‘मृत’, ‘प्रेत’, ‘मृत्यू’ हे शब्द शक्यतो टाळले जातात. जतन केलेल्या देहास ‘रुग्ण’ म्हणतात, देह ठेवण्याच्या जागेस ‘रुग्ण-निगा कक्ष’ म्हणतात आणि मृत्यूचा उल्लेख करणे भागच पडले, तर त्यामागे ‘कायदेशीर’ हे विशेषण लावतात. ही परिभाषा म्हणजे केवळ सौम्योक्ती नव्हे. मराठीत ‘कैलासवासी झाले’, ‘देवाज्ञा झाली’ असे म्हटले जाते, तेव्हा माणूस गेला याविषयी बोलणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला शंका नसते. शब्द केवळ दुःखाची धार कमी करतो. आळंदीच्या संदर्भात ‘संजीवन समाधी’ हा शब्द योजतात तो निराळा, कारण त्यात मरणाचाच निषेध आहे. पण तो श्रद्धेचा शब्द असून त्याच्याशी कोणताही करार वा वर्गणी निगडित नाही. क्रायॉनिक्समधील शब्द मृत्यू घडल्याचेच नाकारतात आणि तेही वैद्यकाच्या भाषेत. तथापि डॉक्टरने मृत्यू घोषित केल्यावाचून या व्यवहारास आरंभच करता येत नाही. एकाच देहास एकाच दिवशी एका कागदावर मृत आणि दुसऱ्यावर रुग्ण म्हणणे भाग पडते. या परिभाषेचा इतिहास हा मुख्यतः या पेचाचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : जिवंत आणि मृत यांमध्ये तिसरी अवस्था कल्पिणारे शब्द क्रायॉनिक्सने प्रथम निर्माण केले असे नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात बुडालेल्या माणसांस वाचविण्यासाठी संस्था निघाल्या. ॲम्स्टरडॅममध्ये अशी संस्था १७६७ साली, तर लंडनमध्ये १७७४ साली स्थापन झाली. लंडनच्या संस्थेच्या मूळ नावातच ‘वरकरणी बुडून मेलेल्या’ माणसांचा उल्लेख होता. श्वास थांबला, नाडी लागत नाही, तरी माणूस खरोखर मेलाच असे नाही, ही जाणीव त्या ‘वरकरणी’ शब्दात साठलेली आहे. ‘स्थगित चैतन्य’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोगही त्याच काळात वैद्यकीय लेखनात रुळला. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७७३ मधील एका पत्रात, मदिरेत बुडालेल्या माश्या उन्हात पुन्हा हालचाल करू लागल्याचे नमूद करून, माणसासही असेच राखून ठेवता आले तर आपणांस शंभर वर्षांनंतरची अमेरिका पाहावयास आवडेल, अशा आशयाची इच्छा व्यक्त केली होती.

विसाव्या शतकात या जुन्या शब्दांना शास्त्रीय आधार मिळाला. सोव्हिएट वैद्य व्ह्‌लादीमिर न्येगोव्हस्की (१९०९–२००३) यांनी हृदय व श्वसन थांबल्यानंतरच्या, पण अद्याप परत फिरता येण्याजोग्या काही मिनिटांच्या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला. ‘वैद्यकीय मृत्यू’ ही संज्ञा त्यांच्या कार्यामुळे प्रचारात आली. १९६० साली छातीवर बाहेरून दाब देऊन हृदयक्रिया चालविण्याची पद्धत प्रसिद्ध झाली व पूर्वी जे मेले असते ते वाचू लागले. दुसरीकडे १९४९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ग्लिसरॉलाच्या साहाय्याने कोंबड्याचे शुक्राणू गोठवून पुन्हा कार्यक्षम केले आणि शीतजीवविज्ञान (अतिशीत तापमानाचे सजीवांवरील परिणाम अभ्यासणारी शाखा) आकारास येऊ लागले. क्रायॉनिक्सच्या पुरस्कर्त्यांनी पुढे जो युक्तिवाद केला, त्याची दोन्ही पायांची जमीन अशी तयार झाली होती. मृत्यूची सीमा सरकू शकते हे वैद्यकाने दाखविले होते. थंडीने काळ थांबतो, निदान काही कोशिकांपुरता, हे जीवविज्ञानाने दाखविले होते.

एटिंगर आणि आरंभीची भाषा : या चळवळीचे प्रवर्तक रॉबर्ट एटिंगर (१९१८–२०११) हे मिशिगनमधील एका महाविद्यालयात भौतिकीचे अध्यापक होते. त्यांचे अमरत्वाच्या शक्यतेविषयीचे पुस्तक १९६२ साली खाजगी रीत्या व १९६४ साली एका मोठ्या प्रकाशनसंस्थेतर्फे प्रसिद्ध झाले. हे पुस्तक आज वाचताना लक्षात येते ती गोष्ट अशी, की एटिंगर मृत्यू हा शब्द मुळीच टाळीत नाहीत. मृत्यूनंतरच्या शारीरिक जीवनाची शक्यता हाच त्यांच्या पुस्तकाचा विषय आहे आणि पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकात ‘गोठलेला मृत्यू’ व ‘गोठलेली निद्रा’ ही दोन पदे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. मृत्यूचे वैद्यकीय, जैव, कोशिकीय असे प्रकार ते वेगळे करतात. प्रेत गोठवावयाचे आहे हे लपवीत नाहीत. त्याच सुमारास एव्हन कूपर यांनीही याच विषयावर पुस्तक लिहिले व १९६३ च्या अखेरीस वॉशिंग्टन येथे संस्था काढली. तिच्या पत्रिकेचे नाव ‘गोठवा–थांबा–पुन्हा जिवंत करा’ अशा अर्थाचे होते. ही सरळ, काहीशी भाबडी भाषा होती आणि तिच्यात निदान एक प्रामाणिकपणा होता.

‘क्रायॉनिक्स’ हा शब्द १९६५ मध्ये कार्ल वर्नर यांनी न्यूयॉर्क येथील नव्या संस्थेसाठी बनविला. शीतजीवविज्ञानाच्या इंग्रजी नावाशी असलेले त्याचे साम्य उघड आहे आणि त्या शाखेतील शास्त्रज्ञांना ते पुढे खुपले. १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियात जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांचा देह कर्करोगाने मृत्यू आल्यानंतर गोठविण्यात आला. या हेतूने जतन झालेला आणि आजवर टिकलेला हा सर्वांत जुना देह होय. या घटनेवर १९६८ साली निघालेल्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘आम्ही पहिला माणूस गोठविला’ असा अर्थ आहे. पुढील पिढीने यातील ‘गोठविणे’ हे क्रियापदही नाकारले.

१९७२ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या आल्कॉर या संस्थेचे मूळ नाव येथे उद्‌बोधक आहे. त्यात ‘घनावस्थेतील अल्पतापिता’ अशी शब्दयोजना होती. अल्पतापिता (शरीराचे तापमान नेहमीपेक्षा कमी होणे) ही जिवंत रुग्णाची अवस्था असून हृदयाच्या शस्त्रक्रियांत ती मुद्दाम निर्माण करतात. तिला ‘घनावस्थेतील’ हे विशेषण जोडल्याबरोबर प्रेत शस्त्रक्रियागृहात येऊन पोहोचते. १९७७ मध्ये हे नाव बदलून आयुष्यवर्धनाचा निर्देश करणारे सध्याचे नाव घेण्यात आले.

चॅट्सवर्थ आणि ‘रुग्ण’ : आरंभीच्या दशकात प्रत्यक्ष काम अंत्यविधीच्या व्यावसायिकांच्या साहाय्याने, त्यांच्याच पंपांनी होत असे. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथील दफनभूमीत एका तळघरात काही देह ठेवलेले होते. पैसा संपला, द्रव नायट्रोजन भरणे थांबले आणि नऊ देह कुजले. हे १९७९ साली उघडकीस आले. नातेवाइकांनी केलेल्या दाव्याचा निकाल १९८१ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. येथे शब्दांचा प्रश्न हा केवळ शब्दांचा उरत नाही. एखाद्या दफनसंस्थेने थडग्याची हेळसांड केली तर तो गंभीर दोष खरा, पण मृताचे त्यामुळे काही बिघडत नाही. ज्या कुटुंबांना आपला मुलगा वा आई ‘थांबलेली’ आहे असे सांगितले होते, त्यांना मात्र तीच व्यक्ती दुसऱ्यांदा, आणि या वेळी कोणास न कळता, गमावल्याचा अनुभव आला. शब्दाने जे वचन दिले होते ते पाळण्याची व्यवस्था नव्हती.

चॅट्सवर्थच्या सुमारासच चळवळीचे स्वरूप बदलू लागले होते. लॉस अँजेल्सच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वक्षीय शस्त्रक्रियेच्या संशोधनात काम केलेले जेरी लीफ आणि रक्ताच्या अपोहनाचे (डायलिसिसचे) तंत्रज्ञ माइक डार्विन यांनी रुग्णालयीन पद्धती आणल्या व त्यांच्याबरोबर रुग्णालयाची भाषाही आली. देह जतन करण्याच्या क्रियेस ‘निलंबन’ म्हणत. १९९० नंतर तो शब्द मागे पडून ‘शीतपरिरक्षण’ रूढ झाला. मरण्याच्या क्रियेसाठी ‘निश्चेतन होणे’ अशा अर्थाचा खास घडविलेला शब्दही अनेक वर्षे चलनात होता. केवळ मस्तक ठेवण्याची प्रथा १९७६ पासून सुरू झाली. तिलाही शिरच्छेदाचा वास लागू नये म्हणून ‘मज्जासंस्थेचे परिरक्षण’ असे नाव मिळाले.

‘रुग्ण’ या शब्दाच्या समर्थनार्थ केला जाणारा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. ज्याच्या दैवाचा निर्णय अद्याप लागलेला नाही त्याला प्रेत म्हटले, तर त्याची निगा प्रेतासारखीच होईल. रुग्ण म्हटले तर देखभाल करणाऱ्यावर बंधन येईल, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. चॅट्सवर्थच्या पार्श्वभूमीवर या म्हणण्यास वजन आहे. परंतु रुग्ण म्हणजे ज्याच्यावर उपचार चालू आहे तो, आणि येथे उपचार अस्तित्वातच नाही. सिद्ध करावयाची गोष्ट नावातच गृहीत धरली गेली आहे.

या दुहेरी भाषेचा सर्वांत चमत्कारिक नमुना मृत्यूच्या घोषणेनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आढळतो. डॉक्टरने मृत्यू घोषित करताच शेजारी सिद्ध असलेले पथक देह बर्फाच्या पाण्यात ठेवते, यंत्राने छातीवर दाब देते आणि फुप्फुसांत हवा भरते. हीच कृती रुग्णालयात ‘पुनरुज्जीवन’ म्हणून ओळखली जाते. परंतु ते नाव येथे वापरले तर घोषणाच रद्द होण्याची आपत्ती. म्हणून तिला ‘हृद्‌-फुप्फुसीय आधार’ म्हणतात. रुधिराभिसरण पुन्हा चालू झाल्याने शुद्ध परत येऊ नये, यासाठी भूल देणारे औषधही देतात. मृत घोषित केलेल्यास भूल देणे ही गोष्ट दोन्ही परिभाषांपैकी एकीतही नीट बसत नाही.

शास्त्रज्ञांचा प्रतिसाद : १९६४ मध्ये स्थापन झालेल्या शीतजीवविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ साली आपले नियम बदलून, मृत व्यक्तींना पुनरुज्जीवनाच्या अपेक्षेने गोठविण्याच्या व्यवहारात भाग घेणाऱ्यांस सभासदत्व नाकारण्याची तरतूद केली. तीत ‘मृत’ हा शब्द हेतुपूर्वक योजलेला होता. वाद तांत्रिकही होता. सावकाश गोठविताना ऊतकांत (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांत) बर्फाचे स्फटिक होऊन नासधूस होते. १९८५ मध्ये विल्यम रॉल व ग्रेगरी फाही यांनी उंदराचे भ्रूण काचीभवनाने (द्रव पदार्थ स्फटिक न होता काचेप्रमाणे घट्ट होण्याच्या क्रियेने) जतन करून दाखविले. २००० नंतर आल्कॉरने ही पद्धत स्वीकारली आणि ‘आम्ही गोठवीत नाही’ असे म्हणण्यास एक खरा शास्त्रीय आधार मिळाला. मात्र गोठलेला व काचीभूत यांतील भेद देहाच्या भौतिक अवस्थेचा आहे. मृत व जिवंत यांतील भेदाशी तो जोडला जातो, तेव्हा वाचकाने सावध राहणे इष्ट.

न्यायालयांपुढील प्रश्न : डिसेंबर १९८७ मध्ये आल्कॉरच्या कॅलिफोर्नियातील केंद्रात एका वृद्ध स्त्रीचे मस्तक जतन करण्यात आले. मृत्यूच्या वेळी डॉक्टर उपस्थित नव्हता. देहात सापडलेली औषधे मृत्यूपूर्वी दिली की नंतर, हा प्रश्न मृत्युतपासणी अधिकाऱ्याने उपस्थित केला आणि शवचिकित्सेसाठी मस्तकाची मागणी केली. संस्थेने ती नाकारली. जानेवारी १९८८ मध्ये पोलिसांनी झडत्या घेतल्या. पण मस्तक सापडले नाही. पुढे न्यायालयाने संस्थेस संरक्षण दिले व कोणावरही खटला भरला गेला नाही. औषध मृत्यूपूर्वी दिले असेल तर तो मनुष्यवध, नंतर दिले असेल तर परिरक्षणाची एक पायरी. सर्व काही ‘मृत्यूची वेळ’ या दोन शब्दांवर टेकलेले होते.

कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९९२ साली दिलेले दोन निर्णय एकत्र वाचण्यासारखे आहेत. टॉमस डॉनल्डसन या गणितज्ञाला मेंदूचा अर्बुद झाला होता. तो वाढून मेंदू नष्ट होण्यापूर्वीच, म्हणजे जिवंत असताना, आपले परिरक्षण करू द्यावे अशी त्याची मागणी होती. त्याच्या भाषेत तो उपचार होता. न्यायालयाच्या भाषेत ते आत्महत्येस साहाय्य ठरत होते आणि मागणी फेटाळण्यात आली. दुसऱ्या प्रकरणात राज्याच्या आरोग्य खात्याने अशा देहांच्या बाबतीत मृत्यूची नोंदणी व देहाच्या विल्हेवाटीचे परवाने देण्याचे नाकारले होते. तेथे न्यायालयाने आल्कॉरच्या बाजूने निर्णय दिला. हा आधार १९६८ च्या शारीरिक दानाच्या नमुना कायद्यातून आलेला आहे. देह वैद्यकीय वा शास्त्रीय कार्यासाठी दान करता येतो, म्हणून तो संस्थेस देता येतो. अर्थात दानाच्या कागदावर ‘रुग्ण’ हा दान केलेला देह असतो.

इतरत्र कायद्याने याहून जुने शब्द वापरले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९० च्या कायद्याने अशा जतनाच्या विक्रीस बंदी घातली. फ्रान्समध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले, की मृतदेहासाठी कायद्याला दफन व दहन हे दोनच मार्ग मान्य असून गोठवून ठेवणे त्यांत बसत नाही. मिशिगनमध्ये एटिंगर यांनी १९७६ साली स्थापिलेल्या संस्थेस राज्याने २००४ मध्ये दफनभूमी म्हणून परवाना दिला. ज्या संस्थेत एटिंगर यांनी १९७७ मध्ये आपल्या आईचा देह पहिला ‘रुग्ण’ म्हणून ठेवला होता, तिला मिळालेले हे सरकारी नाव. त्याच वर्षी ॲरिझोनात अशा संस्थांना अंत्यविधी मंडळाच्या देखरेखीखाली आणण्याचे विधेयक मांडले गेले. आल्कॉरने त्यास विरोध केला व ते मंजूर झाले नाही. इंग्लंडमध्ये २०१६ साली चौदा वर्षांच्या एका कर्करोगग्रस्त मुलीने आपल्या देहाचे परिरक्षण व्हावे अशी इच्छा न्यायालयास कळविली. आईवडिलांत मतभेद होता. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी निर्णयाचा अधिकार आईला दिला. परंतु आपण क्रायॉनिक्सच्या योग्यायोग्यतेविषयी काही ठरवीत नसून पालकांतील वाद सोडवीत आहोत, हे आवर्जून नोंदविले. निकालपत्राचा विषय ‘देहाची विल्हेवाट’ असा दिलेला आहे.

‘अपरिवर्तनीय’ आणि ‘कायमचे’ : हा वाद अखेर एका विशेषणापाशी येतो. डिसेंबर १९६७ मध्ये, म्हणजे बेडफर्ड यांच्या नंतर अकरा महिन्यांनी, पहिले हृदयारोपण झाले आणि हृदय हा मृत्यूचा एकमेव निकष उरला नाही. १९६८ साली हार्व्हर्ड विद्यापीठाच्या समितीने ‘अपरिवर्तनीय बेशुद्धी’ची लक्षणे निश्चित केली. १९८०–८१ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या नमुना कायद्याने रुधिराभिसरण व श्वसन यांचे, किंवा मस्तिष्कस्तंभासह संपूर्ण मेंदूच्या कार्याचे, अपरिवर्तनीय थांबणे म्हणजे मृत्यू अशी व्याख्या केली. क्रायॉनिक्सचे पुरस्कर्ते नेमके हेच विशेषण पकडतात. अपरिवर्तनीय हे कोणत्या काळच्या साधनांनी ठरवावयाचे, असा त्यांचा प्रश्न आहे. संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘माहितीसैद्धांतिक मृत्यू’ ही संज्ञा मांडली. तिच्यानुसार मेंदूतील स्मृती व व्यक्तिमत्त्व यांची रचना तत्त्वतःही उलगडता येणार नाही इतकी नष्ट झाली, तरच माणूस मेला. या क्षेत्रातील सर्वांत काटेकोर संज्ञा हीच होय. तथापि ती रचना परिरक्षणानंतर पुरेशी शिल्लक राहते किंवा नाही, हे मोजण्याची पद्धत उपलब्ध नसल्याने व्यवहारात तिच्या आधारे कोणत्याही देहास मृत वा जिवंत ठरविता येत नाही.

वैद्यकानेही हा प्रश्न टाळलेला नाही. तंत्रिकावैज्ञानिक जेम्स बर्नाट यांनी अवयवदानाच्या संदर्भात ‘अपरिवर्तनीय’ (परत आणणे अशक्य असे) व ‘कायमचे’ (आपोआप परत न येणारे आणि कोणी परत आणणार नाही असे) यांत भेद केला. खाटेशेजारचा डॉक्टर प्रत्यक्षात दुसऱ्या अर्थानेच मृत्यू घोषित करीत असतो. भारतातील जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमात (१९६९) जीवनाच्या सर्व लक्षणांचा ‘कायमचा’ लोप अशी मृत्यूची व्याख्या आहे. मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियमात (१९९४) मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूसाठी ‘कायमचे’ व ‘अपरिवर्तनीय’ ही दोन्ही विशेषणे एकत्र घातलेली आहेत. हा अधिनियम राज्यांपैकी प्रथम महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांनाच लागू झाला. अमेरिकेत नमुना कायद्याच्या दुरुस्तीसाठी नेमलेल्या समितीपुढे ‘अपरिवर्तनीय’ऐवजी ‘कायमचे’ हा शब्द घालण्याची सूचना होती. तिच्यावर एकमत न झाल्यामुळे २०२३ मध्ये समितीचे काम थांबविण्यात आले.